पाचशे यार्डांवरचा एल्क आणि तुमचा खरा पल्ला

मे संपता संपता कोलोरॅडोतल्या एल्कच्या सोडतीचे निकाल लागू लागतात आणि ओळखीच्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. डेन्व्हरहून, फोर्ट कॉलिन्सहून, कधी टेक्साससारख्या दुसऱ्या राज्यातूनही. प्रश्न ठरलेले असतात. ‘एच-१बीवर असताना रायफल घेता येते का?’ ‘ही रायफल हजार यार्डांपर्यंत मारते म्हणतात, मग पाचशेवर एल्क पडायला काय हरकत आहे?’ ‘सीझन ऑक्टोबरात आहे, सप्टेंबरात दोनदा रेंजवर जाऊन आलो तर पुरेल ना?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे आणि ते सरळ आहे. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्या सरावात आहेत, आणि ती तुमच्याशिवाय दुसरं कोणी देऊ शकत नाही. मात्र ती कशी शोधायची ते सांगता येतं. हा लेख मुख्यतः कोलोरॅडो धरून लिहिला आहे. इथे एल्कची संख्या अडीच लाखांहून जास्त आहे आणि आपल्या लोकांपैकी बहुतेकांची सुरुवात इथेच होते. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथलं नियमांचं पुस्तक वेगळं वाचा.

आधी व्हिसा, मग रायफल

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर हा भाग तुमच्यासाठी सोपा आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ असा कोणताही तात्पुरता व्हिसा असेल तर थांबून वाचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा गुन्हा आहे. विकत घेणं दूरच, हातात घेणंही ‘बाळगणं’ ठरू शकतं. या बंदीला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला आपल्या उपयोगाचा एक: तुमच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर बंदी लागू होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा:

- आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत तो सक्तीचा आहे. एका राज्याचं प्रमाणपत्र इतर राज्यांतही चालतं.
- मग लहान शिकारीचं, म्हणजे स्मॉल गेमचं वार्षिक लायसन्स. याला सोडत नसते. मोठ्या जनावरांच्या सोडतीत अर्ज करायला जे पात्रता लायसन्स लागतं, त्यातही हे धरलं जातं. एका कागदात दोन कामं होतात.
- त्यानंतर दुकान. तिथे ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय फॉर्म स्वतः भरायचा असतो. लायसन्सची प्रत, आय-९४ आणि पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा. दुकानदाराने पार्श्वभूमी तपासणी सुरू केल्यानंतर रायफल हातात मिळायला कोलोरॅडोत किमान तीन दिवस थांबावं लागतं.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात चांगली शिकलेली माणसं पडतात. कोलोरॅडोचं वार्षिक लायसन्स ३१ मार्चला संपतं. रायफल मात्र तिजोरीत तशीच असते. १ एप्रिलला नवं लायसन्स नसेल तर तुमचा अपवाद संपला आणि घरात ठेवलेली रायफल बेकायदा झाली. शिकारीला जाणार असा वा नसा, मार्च संपायच्या आत लायसन्स घ्या.

दुसरा खड्डा पाहुण्यांचा. भारतातून आलेल्या आईबाबांना किंवा मेहुण्यांना गंमत म्हणून रेंजवर नेऊन त्यांच्या हातात रायफल देऊ नका. तेही तात्पुरत्या व्हिसावरच आलेले असतात. रेंजवाल्याने हरकत घेतली नाही म्हणून कायदा बदलत नाही. आणि ग्रीन कार्डवाल्यांनीही हे ध्यानात ठेवावं, की बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. ४४७३ वर गांजाबद्दल प्रश्न असतो. राज्यात गांजा कायदेशीर आहे म्हणून तिथे बेफिकीरपणे टिक करू नका, खोटं उत्तर हा स्वतंत्र गुन्हा आहे. जरा जरी शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून मगच पुढे जा.

सोडतीबद्दल थोडक्यात

म्हाडाच्या सोडतीसारखंच हे प्रकरण आहे. मार्चमध्ये अर्ज सुरू होतात, एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास मुदत संपते. कोणतं क्षेत्र, कोणता सीझन, नर की मादी हे अर्जातच सांगायचं असतं. राज्यात सलग सहा महिने राहिलेल्यांना स्थानिकांचा दर मिळतो. बाहेरच्यांना कित्येक पट जास्त मोजावे लागतात. पहिल्या खेपेला मादी एल्कचा अर्ज करा असं मी सुचवेन. मिळण्याची शक्यता बहुतेक ठिकाणी जास्त असते, मांस उत्तम असतं आणि शिंगांच्या मोहाने लांबचा बार काढायची घाई होत नाही.

पाचशे यार्डांवर गोळीचं काय होतं

सध्या दुकानांत सगळ्यात जास्त खपणाऱ्या काडतुसांपैकी ६.५ क्रीडमूर घेऊ. २००७ साली बाजारात आलेलं, मुळात लांब पल्ल्याच्या कागदी लक्ष्यांसाठी बनवलेलं. १४३ ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगाने सुटते. रायफल २०० यार्डांवर झिरो केली असेल, म्हणजे २०० वर नेम धरला तिथेच गोळी लागत असेल, तर ३०० यार्डांवर ती सुमारे ८ इंच खाली जाते. ४०० वर २२-२३ इंच आणि ५०० वर जवळजवळ ४५ इंच.

हे खाली जाणं घाबरण्यासारखं नाही. स्कोपची चकती फिरवून ते भरून काढता येतं. फक्त अंतर अचूक हवं. ५०० यार्डांच्या आसपास अंतर मोजताना २५ यार्डांची चूक झाली तर गोळी चार-पाच इंच वर किंवा खाली लागते. म्हणून लेझर रेंजफाइंडर हवाच. उतारावरून किंवा चढाकडे मारताना तिरकं अंतर धरून चालत नाही, आडवं अंतर धरावं लागतं. ३० अंशांच्या उतारावर ४०० यार्ड दिसणारं जनावर गोळीच्या दृष्टीने ३४६ यार्डांवर असतं. चांगले रेंजफाइंडर हा हिशेब स्वतः करून देतात, तुमच्या यंत्रात ती सोय चालू आहे का ते तपासा.

खरी अडचण वाऱ्याची. ताशी १० मैलांचा आडवा वारा हीच गोळी ३०० यार्डांवर पाच इंच ढकलतो, तर ५०० वर पंधरा इंच. अंतर दुपटीहूनही कमी वाढलं, ढकलणं तिप्पट झालं. आणि वारा मोजायचं यंत्र तुमच्या हातात असतं, एल्कजवळ नसतं. तुम्ही कड्याच्या आडोशाला पडलेले असता. तुमच्या नाकासमोरचं गवत स्थिर असतं. मधल्या दरीत वारा वर चढत असतो आणि पलीकडच्या उतारावर ॲस्पेनची पानं उलटीसुलटी चमकत असतात. या तिन्हींचा मिळून एक आकडा काढायचा असतो. त्यात पाच मैलांची चूक झाली तरी गोळी सात-आठ इंच बाजूला जाते. जनावराचं डोकं डावीकडे आणि गोळी उजवीकडे ढकलली गेली, तर ती छातीत न जाता पोटात जाते.

तिसरी गोष्ट वेळ. ५०० यार्ड जायला गोळीला साधारण पाऊण सेकंदापेक्षा थोडा कमी वेळ लागतो. चरणारा एल्क तेवढ्यात एक पाऊल पुढे टाकतो, आणि त्याचं पाऊल तीन फुटांचं असू शकतं. तुमचा नेम, तुमची रायफल, तुमचं गणित सगळं बरोबर असतानाही हे घडतं. याला कुठल्याही सरावाचा उपाय नाही.

शिवाय ताकद. एल्कसाठी गोळीत निदान १,५०० फूट-पाउंड ऊर्जा उरलेली असावी असा शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. वरची गोळी ४०० यार्डांच्या थोडी अलीकडेच त्याच्या खाली येते. कोलोरॅडोचा कायदा एल्कसाठी किमान ०.२४ इंच व्यासाची, ८५ ग्रेनची आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जेची गोळी मागतो. पण ही किमान अट आहे, सल्ला नव्हे.

१८८७ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने लांब पल्ल्याच्या शिकारीबद्दल उघड भूमिका घेतलेली आहे. जनावराला सावध होऊन निसटायची संधीच उरणार नाही इतक्या लांबून, केवळ आपलं सामान आणि हात पारखण्यासाठी बार काढणं ही शिकार नव्हे, असं ते म्हणतात. मला ते पटतं. काही राज्यांचे नियमही याच दिशेचे आहेत. आयडाहोत १६ पाउंडांहून जड बंदूक मोठ्या शिकारीला चालत नाही. कंप्यूटर जोडलेल्या ट्रिगरच्या ‘स्मार्ट रायफली’ कोलोरॅडोत बंद आहेत. म्हणून हिशेब करून देणारा महागडा स्कोप घेण्याआधी नियमांचं पुस्तक उघडा.

तुमचा पल्ला कसा ठरवायचा

एल्कच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग सुमारे दीड फुटाचा असतो. पण त्याच्या कडेला नेम धरत नाहीत. म्हणून लक्ष्य घ्या १० इंचांची कागदी प्लेट, मंडळाच्या गणपतीत जेवायला घेतो तीच.

१. प्लेट २०० यार्डांवर लावा. बाकावर बसून नाही. जमिनीवर बसून, गुडघ्यावर, पाठपिशवीवर टेकून किंवा शिकारीच्या काठ्यांवर, म्हणजे डोंगरात जसा बार काढाल तसा.
२. रायफल थंड असताना एकच गोळी मारा. डोंगरात पहिली गोळीच तुमची असते. गरम नळीने मारलेले सुंदर गट इथे मोजायचे नाहीत.
३. लागली का, कुठे लागली, वारा किती होता, हे तारखेसह वहीत लिहा.
४. वेगवेगळ्या पाच दिवशी हेच करा. पाचही गोळ्या प्लेटमध्ये असतील तरच ५० यार्ड मागे जा.
५. ज्या अंतरावर पाचांतली एक जरी चुकली, त्याच्या आधीचं अंतर हा तुमचा पल्ला.

आकडा २५० येईल, कदाचित ३००. मन खट्टू होईल, पण त्या आकड्याशी प्रामाणिक राहा. आणि वारा वाहता असेल, धाप लागलेली असेल, तर तोही आणखी कमी करा.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझ्या तिसऱ्या सीझनला, संध्याकाळच्या शेवटच्या वीस मिनिटांत, मी ४३० यार्डांवर एका नरावर बार काढला. बाकावरून ४०० वर माझे गट छान पडत असत. तेवढाच माझा आधार होता. गोळी लागल्याचा थप्प असा आवाज आला, तो पाठीतून वाकला आणि झाडीत गेला. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी माग काढला. रक्ताचे थेंब, त्यात हिरवट चोथा, मग ओढ्यापलीकडच्या दगडांवर काहीच नाही. तो सापडला नाही. त्या वर्षीचा टॅग, म्हणजे एका जनावराचा परवाना, मी घरी येऊन फाडला. कायद्याने तसं करायची सक्ती नव्हती. तेव्हापासून ३०० च्या पुढे मी बार काढलेला नाही, आणि बहुतेक वेळा १५० च्या आत जाता येतं असंच मला दिसलं आहे. वाऱ्याकडे तोंड करून, ओढ्याच्या आडोशाने, एक तास सरपटत. शिकार या शब्दात तेही येतं.

जून ते ऑक्टोबर: सरावाचा क्रम

*घरी, रोज पंधरा मिनिटं.* कोरा सराव, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर ओढणं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा, मागे भक्कम भिंत असू द्या. नळीच्या टोकावर नाणं ठेवा. खटका पडल्यावर ते पडता कामा नये. नेमबाजीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट हीच आहे.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं तो प्रकार आठवा: ५० मीटर रायफल, तीन पवित्रे. गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून. डोंगरातही हेच तीन पवित्रे लागतात, एक बसण्याचा जास्त. घरात चारही घोळवून घ्या. उभं राहून मारायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका, पण आली तर आपल्याला काय झेपतं ते माहीत हवं.

*जून-जुलै.* .२२ रायफल. काडतुसं स्वस्त, धक्का नाही. ५० यार्डांवर चारही पवित्र्यांत सराव करा. एनसीसीत .२२ चालवलेल्यांचा हात इथे लवकर बसतो. याच काळात मोठी रायफल बाकावर ठेवून १०० आणि मग २०० वर झिरो करा. बाकाचं काम तिथे संपलं.

*ऑगस्ट.* मोठी रायफल, दर खेपेला पंधरा-वीसच गोळ्या. त्यापेक्षा जास्त मारल्या की खांदा घाबरतो आणि माणूस बार व्हायच्या आधीच दचकायला लागतो. दचक पकडायची युक्ती सोपी आहे. मित्राला काडतुसं भरायला सांगा आणि मधूनच एक खोटं काडतूस घालायला सांगा. खटका पडला, बार झाला नाही आणि नळी खाली डुचमळली, तर तुम्ही दचकता आहात. परत कोऱ्या सरावाकडे या.

*सप्टेंबर.* शिकारीचे कपडे, हातमोजे, पाठपिशवी, सगळं घालून सराव करा. पन्नास मीटर धावून या, खाली बसा आणि वीस सेकंदांत बार काढा. पहिल्यांदा स्कोपमधलं लक्ष्य नाडीबरोबर उड्या मारताना दिसेल. अर्धा श्वास सोडून थांबायला शिका. जमलं तर एखादी खेप लांब रेंजवर करा. न्यू मेक्सिकोत रॅटनजवळ व्हिटिंग्टन सेंटर आहे, तिथे हजार यार्डांपर्यंत मारता येतं. लांबच्या लक्ष्यावर जरूर मारा. वारा वाचायला त्यासारखी दुसरी शाळा नाही. लोखंडी पाटीला जखम होत नाही, म्हणून हा सराव पाटीवरच करायचा.

*जायच्या आदल्या दिवशी.* विमानाने आला असाल तर झिरो पुन्हा तपासा. पेटी आदळते, स्कोप हलतो. शिवाय ह्यूस्टनच्या दाट हवेत केलेला झिरो नऊ हजार फुटांवरच्या विरळ हवेत लांबच्या अंतरावर तसाच लागू पडत नाही. रायफल रिकामी, कुलूपबंद टणक पेटीत, काउंटरवर सांगून द्यायची असते. काडतुसांवर बहुतेक कंपन्यांची मर्यादा ११ पाउंडांची आहे.

डोंगरात या चुका होतात

- ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी अंगावर नसणं. डोक्यावरचं झाकणही त्याच रंगाचं लागतं. थंडी वाजली म्हणून वरून काळं जॅकेट चढवलं की नियम मोडला.
- गाडीत चेंबरमध्ये गोळी असलेली रायफल, किंवा रस्त्यावरून वा रस्त्यापलीकडे बार.
- जनावराच्या मागे काय आहे ते न पाहता बार. माथ्यावर उभ्या असलेल्या एल्कवर कधीच नको. गोळी पलीकडच्या दरीत जाते आणि तिथे कोण आहे ते तुम्हाला दिसत नाही.
- रायफलच्या स्कोपने डोंगर न्याहाळणं. त्यासाठी दुर्बीण असते. स्कोपमध्ये माणूस दिसला याचा अर्थ तुम्ही माणसावर रायफल रोखली आहे.
- खासगी जमिनीत शिरणं. कोलोरॅडोत कुंपणावर पाटी नसली तरी मालकाची परवानगी लागते. फोनवर सीमा दाखवणारा नकाशा डाउनलोड करून ठेवा, दरीत रेंज नसते.

गोळी सुटल्यानंतर

बार झाल्यावर जनावर कुठे उभं होतं ती जागा डोळ्यांत धरा, एखादं झाड खूण म्हणून पकडा आणि लगेच दुसरी गोळी चढवा. पडलं नसेल तर अर्धा तास थांबून मागावर जा. गुलाबी फेसाळ रक्त फुप्फुसाचं, ते लांब जात नाही. हिरवट घाण दिसली तर कित्येक तास थांबा, घाईने उठवलेलं जनावर मैलोन्‌मैल जातं. जखमी जनावराचा माग काढण्याचा योग्य प्रयत्न करणं कायद्यानेही बंधनकारक आहे.

सापडल्यावर आधी टॅग, मग फोटो. नर की मादी याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्या. खाण्याजोगं मांस टाकून देणं गुन्हा आहे. मोठा नर ३०० किलोंच्या घरातला असतो, म्हणून गाडीपासून किती मैलांवर बार काढायचा हेही आधीच ठरवा. डोक्याचा नमुना क्रॉनिक वेस्टिंग डिसीजच्या तपासणीला द्या आणि अहवाल येईपर्यंत मांस वाटू नका. बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा सरकारी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. शिंगं किंवा कातडं भेट म्हणून भारतात न्यायचा विचार मनातून काढून टाका. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि विमानतळावर तुमचं कोलोरॅडोचं लायसन्स उपयोगाला येत नाही.

तुमचे हक्क

नॅशनल फॉरेस्टची जमीन सगळ्यांची आहे. तिथे चालू लायसन्स आणि टॅग असलेल्या व्हिसाधारकाचा शिकारीचा हक्क कोणा स्थानिकापेक्षा कमी नाही. कायदेशीर शिकारीत मुद्दाम अडथळा आणणं हा कोलोरॅडोत गुन्हा आहे. कोणी अडवलं तर वाद घालू नका. जागा, वेळ, गाडीचा नंबर टिपा आणि वन्यजीव अधिकाऱ्याला कळवा. अधिकाऱ्याने तुम्हाला थांबवलं तर रायफल खाली, बोल्ट उघडा, हात दिसतील असे ठेवा. लायसन्स आणि शिकार तपासायचा त्यांना अधिकार आहे. व्हिसावर असाल तर त्याची आणि आय-९४ ची प्रतही खिशात असू द्या.

सीझनला अजून महिने आहेत म्हणून हे वाचून बाजूला ठेवू नका. येत्या शनिवारी १० इंचांची एक प्लेट २०० यार्डांवर लावा, थंड रायफलीने एकच गोळी मारा आणि लागली की नाही ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.